बावन्न गुंठे

राजरत्न गमरे परळच्या एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं ईसीजी काढत होता. माणसाच्या छातीला वायरी लावायच्या, कागद बाहेर येईपर्यंत थांबायचं, कागद फाडून डॉक्टरांकडे द्यायचा. रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं. हल्ली चिंचपोकळीच्या चाळीचे जिने चढताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबे आणि कठड्याला हात टेकून खाली बघत राही. कोणाची तरी वाट बघतोय असं शेजाऱ्यांना वाटावं म्हणून.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी तो वर पोचला तेव्हा खोलीत एक अनोळखी माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. नाव हितेंद्र. लोअर परळला ऑफिस असलेल्या कुठल्याशा कंपनीसाठी तो कोकणातल्या जमिनी बघायचा.

"गमरेसाहेब, मंडणगड तालुक्यात कोंडशेतला तुमची बावन्न गुंठे जमीन आहे ना? सातबाऱ्यावर तुमचं एकट्याचं नाव आहे."

राजरत्नने बूट काढले. जमीन होती हे खरं. आजोबांच्या वतनाची, वडिलांकडून त्याच्या नावावर आलेली. पण तिथे जाऊन त्याला अठरा वर्षं झाली होती.

"कातळ आहे हो तो सगळा," हितेंद्र म्हणाला. "गवत पण धड उगवत नाही. वर वतनाची जमीन, म्हणजे विकायला कलेक्टरची परवानगी लागणार. कोण घेतो असली भानगड? आमची कंपनी रिस्क घेतेय. सहा लाख देतो. सगळी धावपळ आमची, तुम्ही फक्त सही मारायची."

राजरत्नला त्या क्षणी सही करून अंथरुणावर आडवं व्हावंसं वाटलं. सहा लाख काही थोडे नव्हते. आणि धावपळ दुसरा करणार होता, हे त्याला सहा लाखांपेक्षाही गोड वाटलं.

त्याची बायको सीमा चहाचे कप घेऊन आली. गुडघे दुखायचे म्हणून ती पावलं मोजल्यासारखी टाकायची. "आम्ही कळवतो तुम्हाला," ती म्हणाली. हितेंद्र चहा पिऊन गेला.

मग ती म्हणाली, "अहो, जमीन कुठून कुठपर्यंत आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही."

"शेजारची कितीला गेली, ते?"

"सीमा, मी दमलोय गं."

"दमलाय ते दिसतंय मला. पण बाबांचं आठवा."

त्याला ते आठवायचं नव्हतं. वडील सीताराम गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि त्याच वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. गावाला भाताचं एक खाचर होतं, ते वडिलांनी आठवड्याच्या आत विकलं. पहिला जो गिऱ्हाईक आला त्याला, त्याने सांगितलेल्या भावाला. आई वाचली नाही. खाचराच्या कडेने पुढे डांबरी रस्ता झाला. वडील त्यावर कधी बोलले नाहीत. फक्त गावाला जायचे थांबले.

"गरजवंताला अक्कल नसते म्हणतात," सीमा म्हणाली. "आज आपल्याला गरज नाहीये. तर आजच बघून घ्या काय ते. उद्या माझे गुडघे बसले की बघायला सवड मिळणार नाही."

मुलगी अपेक्षा एका बँकेत होती. तिने मोबाईलवर मोजणीचा अर्ज भरून दिला. कोंडशेतात गेल्या तीन वर्षांत कोणत्या जमिनी कितीला गेल्या, तेही नोंदणी खात्याच्या साईटवरून शोधलं. "बाबा, हा माणूस चालू भावाचा तिसरा हिस्सा पण देत नाहीये," ती म्हणाली. राजरत्नने मान हलवली. राग यायला हवा होता, पण तेवढी ताकद अंगात नव्हती. दिवसा-रात्रीच्या पाळ्या करून त्याचे पाय सुजलेले असायचे.

मोजणीची तारीख फेब्रुवारीत आली. दोन दिवसांची रजा टाकून तो एसटीने गेला. बौद्धवाडीत सात घरं, त्यातली तीन बंद. आनंदा गमरे नावाचे भावकीतले म्हातारे त्याला ओट्यावरच भेटले. त्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"तू सीतारामाचा ना? नाकावरनं वळखलं. ये, आदी पानी पी."

पाणी गार आणि गोड होतं. राजरत्न दोन तांबे प्यायला.

मोजणीवाले उन्हात फिरत होते. वरचा भाग कातळच होता, हितेंद्र त्यात खोटं बोलला नव्हता. राजरत्नला वाटायचं, आपली हद्द बांधापाशी संपते. पण मोजणीवाला बांध ओलांडून खाली उतरला, उतरतच राहिला, आणि झाडीतल्या एका विहिरीच्या पलीकडे जाऊन त्याने शेवटची खूण केली.

"ही विहीर पण आमची?" राजरत्नने विचारलं.

आनंदा काठी टेकत मागून आले होते. "तुज्या आज्यानं खणलान ती. गावच्या इहिरीवर आपल्याला चढू देत नव्हते. सात घरांनी मिळून माती काढली. दोन वर्सं लागली, सुरुंग लावाया पैसं नव्हतं. मे म्हयन्यात सगळ्या गावाची आटते, ही नाय आटत." मग काठीने वर दाखवत म्हणाले, "आता वर टेकडीवर बंगले बांधणारायत. त्यांना पानी नाय. माणसं येऊन इहीर बघून गेली दोनदा."

राजरत्न कठड्यावर बसला. कोणी तासून बसवलेले ते दगड हाताला गुळगुळीत लागत होते. आपण सही केली असती, तर आताच प्यालेलं पाणीही त्या सहीत गेलं असतं. आनंदांनी त्याला काही मागितलं नाही. विकू नको असंही म्हणाले नाहीत. ते जास्त जड गेलं.

महिन्याभराने हितेंद्र परत आला. राजरत्नने मोजणीचा नकाशा समोर ठेवला.

"विहिरीचं तुम्ही बोलला नाहीत."

हितेंद्र हसला. "साहेब, जुनी विहीर, त्यात काय बोलायचं? बरं, दहा करू."

"विहीर आणि तिच्याभोवतीचे बारा गुंठे विकायचे नाहीत. वरचे चाळीस घ्यायचे असतील तर या भावाने." त्याने आकडा सांगितला.

"नुसता कातळ या भावाने? मग ठेवा तुमच्याकडेच." हितेंद्र फाईल घेऊन उठला. जिन्यावर त्याचे बूट बराच वेळ वाजत राहिले. राजरत्न खुर्चीत तसाच बसून होता. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. एवढंच, की आपण काय म्हणतोय ते आपल्याला ठाऊक होतं.

वरचे चाळीस गुंठे विकायच्या परवानगीचा अर्ज त्याने तेव्हाच टाकला, गरज पडली तर कागद हाताशी असावा म्हणून. विहिरीचं पाणी वाडीला कायम भरता येईल, असं स्टॅम्पपेपरवर लिहून आनंदांकडे पाठवलं. अर्ज चौदा महिने फिरला. दर वेळी एक कागद कमी निघायचा. राजरत्न रिटायर झाला, तरी त्याच्या चकरा संपल्या नाहीत. दोनदा त्याने सीमाला सांगितलं की आता पुरे, मरू दे. दोनदा तिने त्याचा डबा भरून दिला.

परवानगी आली आणि तीन महिन्यांत सीमाचे दोन्ही गुडघे बसले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. यावेळी राजरत्नने पहिल्या गिऱ्हाइकाला हो म्हटलं नाही, दुसऱ्यालाही नाही. चाळीस गुंठे मंडणगडच्या मानसी तांबे नावाच्या शिक्षिकेने घेतले, काजू लावायला. त्याने मागितला त्याहून थोडा कमी भाव, पण चालू भाव. ऑपरेशनला पुरून उरतील एवढे आले.

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी सीमा वॉकर धरून वॉर्डभर चालली. परत पलंगावर बसताना तिने विचारलं, "जमीन गेली म्हणून वाईट वाटतं का हो?"

राजरत्नने विचार केला. "बाबांना विचारायचं राहून गेलं," तो म्हणाला. "खाचर विकताना त्यांना तरी ठाऊक होतं का, ते केवढं होतं."

सीमाने पाय उचलून वर घेतले. त्याने तिच्या पायांखाली उशी सरकवली आणि शेजारच्या स्टुलावर बसून डोळे मिटले.