आमदारबाई

येरळापूरचं नगराध्यक्षपद महिलांसाठी राखीव झालं, तेव्हा धैर्यशील घोरपड्यांनी बायकोचं नाव पुढं केलं. संयोगिता तेव्हा शाळेत भूगोल शिकवायच्या. पाच वर्षं सह्या करायच्या आणि नवऱ्यानं लिहून दिलेलं भाषण वाचायचं, एवढंच सगळ्यांनी धरलं होतं.

पण संयोगिताताई रोज सकाळी गावात फिरायला लागल्या. सोबत मोमीन गल्लीच्या नगरसेविका रहिमतबी असायच्या. दोघी स्कूटरवरून जायच्या. नळाला पाणी नाही म्हटलं की ताई घरात शिरून तोटी फिरवून बघायच्या. लोकांना ते आवडलं. धैर्यशीलराव पालिकेत येऊन बसायचे, ते ताईंनी बंद केलं. "ही खुर्ची माझी आहे," असं त्यांनी नवऱ्याला शिपायादेखत सांगितलं. दुसऱ्या वेळी त्या स्वतःच्या बळावर निवडून आल्या.

मग आमदारकीची हवा सुरू झाली. पक्षाचे मोठे नेते गावात सभेला येणार होते. तिकिटाचं त्या दिवशीच ठरेल, असा निरोप होता. आणि नेमकं सकाळी भाजी मंडईतलं गटार तुंबलं. काळं पाणी सभेच्या मैदानापर्यंत आलं.

ताई आणि रहिमतबी पोचल्या तेव्हा मुकादम नाथाजी चेंबरचं झाकण काढून उभा होता.

"मशीन उद्या येतंय सांगलीवरनं," तो म्हणाला. "आज काय हुणार न्हाई."

"उद्या येऊन काय उपयोग? सभा आज आहे."

"माणूस आत घालाय लागंल, ताई. त्यात वायू असतोय."

"मला ते काही सांगू नका, नाथाजी. दुपारपर्यंत रस्ता कोरडा पाहिजे."

रहिमतबींनी त्यांचा हात धरला. "ताई, सभा दुसरीकडं घेऊ या की. शाळंचं पटांगण हाय."

ताईंनी हात सोडवून घेतला आणि त्या मांडववाल्याकडं गेल्या.

सुखदेव आत उतरला. तो वस्तीतल्या दगडाबाईचा थोरला मुलगा, अंगानं दणकट, पालिकेत कंत्राटावरचा सफाई कामगार. कमरेला दोर बांधला होता. खाली गेल्यावर त्यानं एकदा हाक मारली, मग दोर सैल पडला. वर ओढला तेव्हा त्याच्या तोंडात चिखल भरलेला होता.

सभा झाली. नेत्यांनी सुरुवातीला श्रद्धांजली वाहिली. सगळे उभे राहिले, ताईही. तिकीट त्यांनाच मिळालं.

पोलिसांनी नाथाजीला उचललं. रहिमतबी आपण होऊन ठाण्यात गेल्या आणि जे ऐकलं होतं ते सांगून आल्या. त्या संध्याकाळी ताईंनी त्यांना घरी बोलावलं.

"तू माझी मैत्रीण आहेस ना?"

"हाय. म्हणून सांगतेय, तुमीपण जावा. चुकून तोंडातनं गेलं म्हणा. लोक माफ करतील."

"आणि तिकीट?"

चहा तसाच ठेवून रहिमतबी उठल्या. पालिकेच्या पुढच्या निवडणुकीत त्यांना पक्षानं उभं केलं नाही. विरोधकांना फितूर झाली, असं गावभर पसरवलं गेलं. ते धैर्यशीलरावांनी पसरवलं. ताईंना माहीत होतं, त्यांनी अडवलं नाही.

ताई आमदार झाल्या. मुंबईला जायला लागल्या. बोलायच्या चांगल्या. म्हसवडकडच्या पाणीटंचाईवर त्यांनी विधानसभेत केलेलं भाषण लोकांच्या फोनांवर फिरलं. नवराही आता त्यांच्यापुढं हळू बोलायचा.

खटला सुरू झाला, तेव्हा साक्षीला त्यांनाही बोलावणं आलं.

"त्या सकाळी आपण मंडईत होतात?" सरकारी वकिलानं विचारलं.

"नाही. मी मैदानावर होते."

"आत माणूस उतरवायला कुणी सांगितलं?"

"मला कल्पना नाही. ते काम मुकादमाचं."

नाथाजी पिंजऱ्यात होता. पार वाळला होता. तो ताईंकडं बघत राहिला. त्याच्या वकिलानं रहिमतबींची साक्ष पुढं केली, पण तिकीट हुकल्यानं आकस धरला, असं म्हणून ती मोडून काढली गेली. नाथाजीला शिक्षा झाली.

ताई महिन्याभरानं दगडाबाईच्या घरी गेल्या. सोबत कुणाला नेलं नाही. दगडाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही.

"मावशी, सुनेला पालिकेत कायम नोकरीवर घेतलंय. उद्यापासून येऊ दे."

"कशावर? झाडायला?"

"हो. सध्या तेवढंच."

दगडाबाईनं एक खडा वेचून टाकला. "रहिमतबीनं मला सगळं सांगितलंय, बाई. तवाच सांगितलं."

ताई दारातनं एक पाऊल मागं सरकल्या.

"सून येईल कामाला," दगडाबाई म्हणाली. "लेकरं हायत, न्हाई म्हणून कसं चालंल? पर तुमी या दारात परत येऊ नका. आन् त्या नाथाजीच्या बायकूकडं जावा. तिला कुणी विचारत न्हाई."

ताई गाडीत बसल्या. नाथाजीचं घर पुढच्याच आळीत होतं. ड्रायव्हरनं विचारलं, "कुठं घेऊ?"

"सांगलीला," त्या म्हणाल्या. "बैठक आहे."