पाठुंगळी

रंगारी शिडीवरून पडला असता तर निदान चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. सगळं आयुष्य त्याने शिडीवर काढलं होतं. जिन्यांच्या पोकळीत फळी टाकून, खिडक्यांबाहेर लटकून रंग दिले होते, पण कधी साधं खरचटलंही नव्हतं. त्या दिवशीही तो शिडीवरून नीट उतरला. शेवटच्या पायरीवरून पाय जमिनीवर टेकवताना टाच तेवढी प्रायमरच्या डब्याच्या काठावर आली. पाऊल तिथेच अडकलं आणि वरचं अंग वळलं. गुडघ्याच्या आत काडकन आवाज झाला. शेजारच्या खोलीत भिंत घासणाऱ्या जोडीदाराला वाटलं, शिडीचीच पायरी मोडली.

संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून टम्म झाला. जोडीदाराने त्याला रिक्षाने इमारतीच्या दारात आणून सोडलं. तिथून तिसऱ्या मजल्यापर्यंत रंगारी कठड्याला धरून, मध्ये मध्ये पायऱ्यांवर बसत चढला. गुडघ्यात कळा येत होत्या, पण त्याचा जीव टांगला होता तो भलत्याच गोष्टीत. साहेब तयार होऊन बसला असेल, आणि आज त्याला खाली कोण नेणार?

साहेब म्हणजे रंगाऱ्याचा एकुलता एक मुलगा. वय चोवीस. लहानपणापासून त्याचे स्नायू हळूहळू मरत चालले होते. शाळेत असतानाच पाय गेले, मग कंबर गेली. पुढे हात जाणार हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आणि घरात कुणीही ते पुन्हा तोंडातून काढलं नव्हतं. डोकं मात्र तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख. इमारतीला लिफ्ट नव्हती, जिना अरुंद आणि वळणावळणाचा. म्हणून रोज कामावरून आल्यावर रंगारी पलंगाकडे पाठ करून उकिडवा बसायचा. बायको मुलाचे हात त्याच्या गळ्यात घालायची. मग रंगारी त्याला पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरायचा.

"निघायचं का साहेब?" तो विचारायचा.

"निघू या. पण ड्रायव्हर, कालच्यासारखी वळणावर घाई नको."

हे 'साहेब' मग इमारतीतल्या सगळ्यांच्याच तोंडी बसलं. खाली घड्याळवाल्याच्या दुकानासमोर चाकांच्या खुर्चीत बसून तो बुद्धिबळ खेळायचा. येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायचा. मोडलेलं घड्याळ घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "इथे देऊ नका, इथे मालकाचीच वेळ चुकलेली असते." घड्याळवाला शिव्या घालायचा आणि पुढची सोंगटी हलवायचा. दिवसातले ते दोन-अडीच तास काय ते साहेबाचं जग. बाकी सगळा दिवस पलंग, छत आणि खिडकीतून दिसणारी समोरची भिंत.

तपासणीचे फोटो निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी ते उजेडाच्या पाटीवर लावले. बाई बोलायला मोकळ्या होत्या, घाईत नव्हत्या.

"गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट असतात, दोऱ्यांसारखी, एकमेकांवर फुली मारलेली. तुमचं पुढचं पूर्ण तुटलंय."

"शिवता येत नाही?"

"शिवलेलं सहसा टिकत नाही. तुमच्याच मांडीच्या मागची एक दोरी काढायची, हाडात बोगदा पाडायचा आणि ती तिथे बसवायची. ऑपरेशन तसं नेहमीचं आहे. पण त्यानंतर नऊ महिने ते वर्ष. नवी दोरी हाडात मुरायला तेवढा वेळ लागतोच, माझ्या हातात काही नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर व्यायाम. मांडी इतकी मजबूत करायची की तुटलेल्या दोरीचं काम ती करेल. वर पट्टा. तीनेक महिन्यांत कामाला लागाल. तुमच्या वयाच्या बऱ्याच जणांचं त्यावर भागतं. सपाट रस्त्यावर चाला, हळूहळू शिडीही चढा. फक्त वजन घेऊन वळायचं नाही, की वजन घेऊन जिना उतरायचा नाही. गुडघा दगा देतो, आणि कधी देईल ते सांगून देत नाही." त्यांनी कागद पुढे ओढला. "वजन उचलावं लागतं का तुम्हाला?"

"लागतं."

"किती?"

"माणसाएवढं," रंगारी म्हणाला.

बाईंनी मान वर केली. मग त्याने सगळं सांगितलं. त्या बराच वेळ हातातल्या पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिल्या. "मग ऑपरेशनच," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला दुसरा सल्ला मी देऊच शकत नाही."

घरी आल्यावर रंगाऱ्याने बायकोला दोन्ही वाटा सांगितल्या. साहेब पलंगावरून ऐकत होता.

"ऑपरेशन करा बाबा," तो म्हणाला. "मी काय, कुठे पळून चाललोय?"

"वर्ष जाईल."

"जाऊ दे की. वर्षभर घड्याळवाल्याला जिंकू दे. त्यालाही घरी दाखवायला काहीतरी हवं."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. स्वयंपाकघरात गेल्यावर तिने नवऱ्याला हळू आवाजात विचारलं, "अहो, वर्षाने त्याच्या हातांचं काय झालेलं असेल?"

रंगाऱ्याच्या मनात नेमकं तेच होतं. हल्ली जिन्यात मुलाची मिठी सैल पडते हे त्याच्या गळ्याला कधीच कळलं होतं. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत बोटं सुटू लागायची आणि साहेब ती दातांनी बाही ओढून पुन्हा जुळवायचा, काही झालंच नाही अशा थाटात. रंगारीही मग काही कळलं नाही असं दाखवायचा. वर्ष म्हणजे फार होतं. तीनच महिने गेले, तर हात जायच्या आधीचे काही महिने तरी वाचले असते.

त्याने पट्टा आणि व्यायाम निवडला.

त्या तीन महिन्यांत शेजाऱ्यांनीही हात दिला, नाही असं नाही. चौघांनी मिळून साहेबाला खुर्चीसकट उतरवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी केवढा उत्साह, जिन्यात नुसता आरडाओरडा. वळणावर खुर्ची तिरकी झाली, साहेब एका बाजूला घसरला आणि त्याचं डोकं कठड्यावर आपटलं. तरी तो वर बघून म्हणाला, "पालखीचे भोई बदला रे." दुसऱ्या खेपेला समोरच्या दारातल्या काकांची कंबर धरली. ते आठवडाभर अंथरुणात होते आणि त्यांची बायको जिन्यात कुणाला तरी, पण ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "ज्याचं त्याने बघावं बाई." त्यानंतर कुणी आपण होऊन दार वाजवलं नाही, आणि रंगाऱ्यानेही कुणाला गळ घातली नाही. बायकोने तळमजल्यावर घर शोधून पाहिलं. तळमजले दुकानांनी कधीच गिळले होते.

रंगारी व्यायामाच्या मागे हात धुऊन लागला. पायाला रबराची पट्टी बांधून ओढ, भिंतीला पाठ लावून बस, एका पायावर तोल सांभाळ. साहेब पलंगावरून मास्तरकी करायचा. "पाठ सरळ! शाळेत असंच शिकवलं का?" मांडी खरंच भरून आली. रंगारी शिडीवर चढला, खोल्या रंगवू लागला. मग एके दिवशी पट्टा घट्ट आवळून तो पलंगाशी उकिडवा बसला.

"बाईंना विचारलंत?" बायको म्हणाली.

"विचारलं."

विचारलं नव्हतं. बायकोला ते कळलं, आणि तरीही तिने मुलाचे हात नवऱ्याच्या गळ्यात घातले. पुढे कितीतरी दिवस ते तिच्या मनाला खात राहिलं.

पहिला जिना उत्तम उतरला. साहेबाचा श्वास कानाशी लागत होता. "ड्रायव्हर फॉर्मात आहे," तो म्हणाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर रंगाऱ्याने पाऊल फिरवलं आणि गुडघा आतल्या आत सरकला, ओल्या साबणावरून हात सरकावा तसा. त्याने कठडा पकडला, अंग भिंतीवर टाकलं आणि मुलाला अंगाखाली येऊ न देता स्वतः पायऱ्यांवर आपटला. साहेबाला लागलं नाही. पण तो बापाच्या पाठीवर पालथा पडून राहिला आणि त्याला उठता येईना. रंगाऱ्यालाही येईना, कारण गुडघा वाकल्या जागी अडकून बसला होता. वरून बायको धावत येत होती.

"बाबा," साहेब त्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणाला, "आता बस्स. माझी शपथ आहे."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. असा आवाज रंगाऱ्याने त्याच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता.

गुडघ्याच्या आतली कूर्चेची गादीही फाटली होती आणि तिचा तुकडा सांध्यात अडकला होता. आता निवडायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रंगाऱ्याला वाटलं. ऑपरेशन झालं. मग कुबड्या, मग काठी, मग पुन्हा तीच रबराची पट्टी. बायको इस्त्रीच्या दुकानात दोन पाळ्या करू लागली. दिवसभर घरात बापलेक दोघेच, दोघेही पलंगांवर, मधे एक स्टूल.

सुरुवातीला घड्याळवाला दुकान बंद करून रोज पट घेऊन वर यायचा. तिसरा मजला चढताना त्याला धाप लागायची, येऊन आधी पाणी मागायचा. मग दिवसाआड येऊ लागला, मग आठवड्याने. त्यात त्याचा दोष नव्हता. खाली गिऱ्हाइकं, रस्ता, येणारेजाणारे असायचे, खेळता खेळता बोलायला शंभर विषय असायचे. वरच्या खोलीत दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी शेवटी साहेबाला सोंगटी उचलता यायची नाही. तो "घोडा पुढे" म्हणायचा आणि घड्याळवाला त्याचा घोडा हलवायचा. एकदा घड्याळवाल्याने मुद्दाम चूक केली. साहेबाने ती ओळखली. "असं नको जिंकवू," तो म्हणाला. त्यानंतर पट उघडला गेला नाही.

रंगारी हे सगळं शेजारच्या पलंगावरून बघत होता. त्याच्या मांडीचा घेर वाढत होता आणि समोर मुलाचे दंड बारीक होत होते. व्यायाम चुकवला तर एवढं सोसलेलं वाया जाणार. केला तरी पुढे काय, हे त्याला दिसत होतं. तरी तो करत राहिला. पाय उचल, धर, सोड. साहेबाने आता मास्तरकी करणं सोडलं होतं. तो छताकडे बघत पडून असायचा.

शेवटच्या तपासणीला बाईंनी गुडघा पुढे ओढून पाहिला, मागे ढकलून पाहिला, त्याला एका पायावर उड्या मारायला लावल्या. त्यांचा चेहरा उजळला. "असा गुडघा मी विशीतल्या मुलांचाही बघत नाही," त्या म्हणाल्या. "वजन उचला आता, जिने उतरा. माझ्याकडून मोकळे."

तो घरी आला आणि काही न बोलता पलंगाकडे पाठ करून उकिडवा बसला. गुडघा कुरकुरला नाही. बायकोने मुलाला बसतं केलं, पाठीशी टेकवलं, त्याचे हात नवऱ्याच्या गळ्यात घातले. ते घसरून खाली आले. तिने पुन्हा घातले, मनगटं एकमेकांत अडकवली. पुन्हा घसरले. मग तिने चादर आणली आणि दोघांना एकत्र बांधलं. रंगारी हळूहळू उभा राहिला. पाय खांबासारखे होते. पण मुलाची मान मागे कलंडली, छाती चादरीत आवळली गेली आणि श्वास घरघरायला लागला.

"उतरवा," साहेब म्हणाला. शब्द नीट फुटला नाही.

त्याला उतरवलं, आडवं केलं. त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत बायको त्याची छाती चोळत बसली. रंगारी तसाच जमिनीवर उकिडवा होता, भिंतीकडे तोंड करून.

"बाबा," थोड्या वेळाने साहेब म्हणाला, "गुडघा दुखतोय का?"

"नाही रे."

"मग उठा. लोकांना वाटेल ऑपरेशन फसलं."

हसायला हवं होतं. कुणीच हसलं नाही, साहेबही नाही.

पुढच्या रविवारी रंगारी शिडी घेऊन आला. मुलाच्या डोळ्यांसमोर दिवसभर जे छत असायचं त्याला तडे गेले होते, पोपडे निघाले होते. एवढं तरी आपल्याला येतं, असं त्याला वाटलं. साहेबावर थेंब उडू नयेत म्हणून पलंगाच्या वर जुनी चादर ताणली, खिडक्या सताड उघडल्या, पाण्याचा, सर्वांत कमी वासाचा रंग आणला. भराभर शिडी चढला. पण अर्धं छत होईस्तोवर साहेबाला खोकला लागला. खोकायचीही ताकद त्याच्या छातीत नव्हती, नुसता चेहरा निळसर पडत होता. बायको ओरडली, "अहो, थांबवा!"

त्याने रोलर बादलीत टाकला. पलंग ओढून दोघांनी स्वयंपाकघरात नेला आणि दार लावून घेतलं. वास जायला चार दिवस लागले. उरलेल्या अर्ध्या छताला नंतर कुणी हात लावला नाही. इमारतीतले लोक मात्र रंगाऱ्याला जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, पाय कसा आहे?" आणि तो "एकदम छान" म्हणून सामानाची पिशवी घेऊन न थांबता वर निघून जायचा.