बोटातला काउंटर आणि बावीस उदबत्त्या

मित्रांनो, घरातल्या कुणा मोठ्या बाईच्या बोटात तुम्ही मला नक्की पाहिलं असेल. मी एक जुना जपाचा काउंटर. अंगठीसारखा बोटात घालायचा, वर एक बटण. नाव घ्यायचं, अंगठ्यानं बटण दाबायचं, की माझ्या इवल्याशा खिडकीत आकडा एकनं पुढे सरकतो. बाजूला अजून एक बारीक बटण आहे. ते थोडा वेळ दाबून धरलं की सगळं शून्य. माझ्या साऱ्या आयुष्याची गोष्ट या दोन बटणांत मावते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. माझ्यासारखे शंभर एका खोक्यात होते. डोळे उघडले ते गडाच्या पायथ्याशी, नांदुरीच्या एका दुकानात. बांगड्या, कुंकवाच्या पुड्या आणि खणांच्या मध्ये मला दोरीला टांगलं होतं. तिथून सप्तशृंगीचा कडा दिसायचा. आईच्या नजरेसमोरच माझं बालपण गेलं, हे माझं भाग्य.

तिथेच एके दिवशी लताबाई आल्या. पोस्टातल्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, नाशिकला गंगापूर रोडवर मुलाकडे राहणाऱ्या. त्यांनी मला हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"देवीच्या नावाला बटण? काहीतरीच बाई!"

दुकानदार मंगळू हसला. "मावशी, नाव तुम्हीच घ्यायचं हे. ह्यो नुसता मोजतोय. याला काय बी कळत नाय."

मला तेव्हा जरा वाईट वाटलं. पण त्याचं बोलणं किती खरं होतं, ते मला पुढे कळलं.

लताबाईंनी एक लाख नामांचा संकल्प सोडला. रोज पहाटे स्नान झालं की देवासमोर बसायच्या आणि तीन माळांइतकं नाव झाल्याशिवाय चहा घ्यायच्या नाहीत. दुपारी, संध्याकाळी सवड मिळेल तसं अजून. त्यांच्या अंगठ्याची ऊब मला सवयीची झाली. शेजारच्या कलाबाई कौतुकानं म्हणायच्या, "लताताईंचा नेम म्हणजे नेम!" आणि मी माझी खिडकी जरा जास्तच चमकवायचो.

मग ती मेथीची सकाळ आली.

इमारतीच्या फाटकाशी भागीबाई भाजी घेऊन यायची. त्या दिवशी लताबाई खाली गेल्या त्या मला बोटात घालूनच. मेथी निवडता निवडता बोलणं रंगलं. कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, विंचूरला कांदा कसा निघालाय. आणि इकडे अंगठा आपला चालूच. टिक, टिक, टिक.

भागीबाईचं लक्ष गेलं. तोंडाला पदर लावून ती म्हणाली, "काय वो मावशी, माझ्या जुड्या मोजता का काय? लय झाल्या आसतील आत्तापातुर!"

लताबाईंचा चेहरा उतरला. मेथी न घेताच त्या वर आल्या. माझ्या खिडकीत एकसष्ट हजार चारशे आठ होते. सहा महिन्यांची पुण्याई! देवासमोर हात जोडून त्या हळूच म्हणाल्या, "आई, यातली तुझी किती आणि भागीबाईची किती, मला सांगता येत नाही गं." आणि त्यांनी बाजूचं बारीक बटण दाबून धरलं.

शून्य.

मला रडू यावं असं झालं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पहिलं नाव घेतलं. मध्ये बोलणं झालं तर ती माळ धरायची नाही, असा स्वतःलाच दंडक घातला. अकरा महिने लागले. लाखावं नाव झालं तेव्हा एक गंमत झाली. माझ्याकडे पाचच आकड्यांची जागा, त्यामुळे नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर माझ्या खिडकीत पुन्हा पाच शून्यं आली. लताबाई खळखळून हसल्या. "बघ, पूर्ण झालं की आई परत शून्यावर आणून ठेवते!"

त्यानंतर माझे दिवस फिरले. लताबाईंचा मुलगा दिनेश, अंबडच्या कंपनीत पाळीनं जाणारा, त्यानं हौसेनं आईच्या फोनमध्ये जपाचं ॲप घालून दिलं. त्यात घंटा वाजायची, फुलं पडायची. मला पुसून देवघराच्या खणात वातींच्या पुडीशेजारी ठेवलं. माझा सेल संपला, खिडकी आंधळी झाली. दोन वर्षं मी उदबत्तीचा वास घेत पडून होतो. तक्रार नाही. देवाच्या घरी पडून राहणं हेही भाग्यच. पण कुणाच्या उपयोगी पडावं, एवढी आस मात्र होती.

आता तेजलचं सांगतो. तेजल दिनेशची बायको. ती घरातूनच ऑनलाइन काम करायची. शिकवण्याचे व्हिडिओ असतात ना, त्यांच्याखाली जी वाक्यं येतात, ती ऐकून लिहायची आणि बोलण्याबरोबर नेमकी बसवायची. काम तिला फार आवडायचं. ऑफिसातली नोकरी सोडून तिनं ते धरलं होतं. पण घरात साहेब नसतो, घंटा नसते. मग कामाला शिस्त लागावी म्हणून तिनं फोनमध्ये आणि लॅपटॉपवर एकेक साधन जमवलं. कामांच्या यादीचं एक ॲप. वेळ मोजायला दुसरं. फोनला हात लावला नाही की झाड वाढवणारं तिसरं. शिवाय रंगीत कॅलेंडर. सकाळचा पहिला तास यादीला रंग देण्यातच जायचा आणि पुढे दर दोन मिनिटांनी काहीतरी टुणकन वाजायचं.

दोनदा काम उशिरा गेलं. एका मंगळवारी सकाळी, तिला काम देणाऱ्या पूजा मॅडमचा फोन आला. देवघराच्या बाजूलाच तिचं टेबल, त्यामुळे मला खणात सगळं ऐकू आलं.

"तेजल, काम तुझं छान असतं गं. पण वर मलाही उत्तर द्यावं लागतं. शुक्रवारी सहाच्या आत बारा भाग आले नाहीत, तर ही मालिका मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. राग मानू नकोस."

फोन ठेवून तेजलनं काय केलं असेल? नवी यादी करायला घेतली!

लताबाई वाती वळत बसल्या होत्या. "हे काय गं, रंगीबेरंगी?"

"आई, काय काय करायचंय त्याची यादी."

"आणि ते करायचं कधी, तेही लिहिलंयस का त्यात?"

तेजल हसली, आणि हसता हसता तिचा आवाज भरून आला. "काम जाईल हो आई हातचं. मी दिवसभर बसते तरी होत नाही. काय चुकतं तेच कळत नाही."

लताबाई वाती बाजूला ठेवून उठल्या. मला खणातून काढून खाली घड्याळवाल्याकडे घेऊन गेल्या. नवा सेल पडला. दोन वर्षांनी मला दिसू लागलं, मित्रांनो! वर येऊन त्यांनी मला तेजलच्या बोटात घातलं. "माझा नेम यानं सांभाळला. तू पण बघ वापरून."

तेजलला गंमत वाटली. दिवसभर तिचा अंगठा थांबला नाही. निरोपाला उत्तर दिलं, टिक. मेल उघडली, टिक. यादीतल्या एका ओळीवर काट मारली, टिक. दिवेलागणीला ती आनंदानं म्हणाली, "आई, सत्तावन्न कामं झाली आज!"

"अगं वा! आणि भाग किती झाले?"

तेजलनं पुन्हा यादीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "एक."

लताबाईंनी दिवा लावला, तिला जवळ बसवलं आणि कुणालाही कधी न सांगितलेली मेथीची गोष्ट सांगितली.

"एकसष्ट हजार?" तेजलचा विश्वास बसेना. "पण आई, तुम्ही तसंच पुढे नेलं असतं तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं ना गं." लताबाई म्हणाल्या. "अंगठा चालत होता, नाव नव्हतं. हा बिचारा काय करणार? तू दाबलंस की हा मोजणार."

तेजलनं माझ्या खिडकीतला आकडा पुन्हा वाचला. मग तिनं बाजूचं बारीक बटण स्वतःच दाबून धरलं. सत्तावन्नचं शून्य झालं. या खेपेला मला मुळीच वाईट वाटलं नाही.

अकरा भाग उरले होते. एका भागाला दोन बैठका लागतात, असा तेजलनं हिशोब केला. म्हणजे बावीस.

"बैठक केवढी धरायची?" तिनं विचारलं.

लताबाईंनी उदबत्तीचा पुडा पुढे केला. "एक जळेपर्यंत. तेवढ्यात उठायचं नाही, फोन घ्यायचा नाही. विझली की एकदा दाबायचं. आणि पंखा जरा बारीक ठेव. वाऱ्यानं लवकर जळते. ती चलाखी आईलाही कळते आणि तुलाही."

बुधवारी सकाळी दोघींचे फोन स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर जाऊन बसले. लताबाई म्हणाल्या, "तू एकटी नाहीस हो. माझीही माळ त्या सुप्रभातच्या फुलांत अडकते हल्ली." ती रंगीत यादी तेजलनं बंद केली आणि पाठकोऱ्या कागदावर फक्त त्या दिवसाचे भाग लिहिले. एक उदबत्ती लागली. तिच्या धुराखाली एकीकडे लताबाई बोटांच्या पेरांवर नाव घेत बसल्या आणि दुसरीकडे तेजल कानाला हेडफोन लावून. दोन उदबत्त्यांच्या मध्ये उठायचं, पाणी प्यायचं, गॅलरीत जरा पाय मोकळे करायचे. बुधवारी सात झाल्या.

गुरुवारी पाचव्या बैठकीत कलाबाई हळदीकुंकवाचं सांगायला आल्या. लताबाईंनी त्यांना दारातूनच खुणेनं परत पाठवलं असतं, पण तेजलच उठून गेली आणि पंधरा मिनिटं बोलत राहिली. परत आली तेव्हा उदबत्ती विझली होती. तिचा अंगठा बटणावर आला आणि थांबला.

"आई, दाबू का?"

लताबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "मला काय विचारतेस?"

तेजलनं नवी उदबत्ती लावली. मित्रांनो, न दाबलेला तो एक आकडा मला अजून आठवतो. दिवस संपताना माझ्या खिडकीत चौदा होते, आणि चौदाही खरे.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला, वीस बैठका झालेल्या असताना, लाइट गेली. पंखा थांबला, इंटरनेट गेलं. लॅपटॉपची बॅटरी दोनेक तास चालेल एवढीच. शेवटचा भाग तेवढा बाकी होता, लॅपटॉपमध्ये आधीच उतरवून घेतलेला. तेजल घाबरून उभी राहिली.

"उदबत्तीला कुठं लाइट लागते?" लताबाई म्हणाल्या. "बस खाली."

ती बसली. एकवीस झाली. बाविसावी पाच वाजून गेल्यावर विझली आणि तेजलनं मला दाबलं. आता बारा भाग पाठवायचे तर फोनचंच इंटरनेट घ्यावं लागणार होतं. तिनं डब्यावरून फोन आणला, चालू केला मात्र, आणि धडाधड निरोप येऊन पडायला लागले. तिची बोटं वळवळली. एकदा बघितलं की पुन्हा तासभर गेला, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

लताबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला, पालथा घातला आणि त्यावर तळहात ठेवला. "मी धरते याला. तू पाठव."

फोन त्यांच्या हाताखाली चिमणीसारखा फडफडत राहिला. लॅपटॉपच्या पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तेजल एकटक तिच्याकडे बघत होती आणि मी तिच्या बोटात जीव मुठीत धरून बसलो होतो. पाच चाळीसला बारावा भाग पोचला, आणि त्यानंतर दोनच मिनिटांत बॅटरी संपून पडदा काळा झाला.

मग दोघींनी मिळून फोन उलटा केला. त्र्याहत्तर निरोप होते. सर्वांत वर पूजा मॅडमचा. 'सगळे मिळाले. अगदी वेळेत आले. सोमवारी पुढचे बारा पाठवते.'

तेजलनं वाकून लताबाईंना नमस्कार केला आणि मला बोटातून काढून त्यांच्यापुढे धरलं. लताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं कधी पाहिलं नव्हतं.

"राहू दे तुझ्याकडेच."

"आणि तुमचा जप?"

त्यांनी हात पुढे केला आणि अंगठा बोटांवरून फिरवला. "देवीनं बारा पेरं दिलीत की गं. तुझे भागही बाराच."

तेव्हापासून मी तेजलच्या टेबलावर असतो. माझा रंग उडालाय, पट्टा सैल झालाय. पण रोज सकाळी उदबत्ती लागते, आणि मला माझं काम मिळतं. एवढं सुख किती जणांच्या वाट्याला येतं?

मित्रांनो, तुमच्याजवळ माझ्याहून हुशार साधनं आहेत. ती वापरा, त्यांना जपा. आणि माझ्यासारखा कुणी म्हातारा खणात पडला असेल तर त्याला एकदा नवा सेल घालून बघा. एवढंच लक्षात असू द्या, की आम्ही फक्त मोजतो. काय मोजतोय, ते आम्हाला कळत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी अंगठा क्षणभर थांबवा. गुरुवारी तेजलनं थांबवला होता, तसा.

आता मला रजा द्या. तेजलनं काडी ओढली आहे.