तीन रात्रींची जागा

रामजी रेवाळे उठून उभा राहिला तेव्हा देवळातल्या बैठकीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, तो पाणी आणायला उठला. साठी उलटली तरी हा माणूस गावकीत कधी बोलला नव्हता. आज मात्र तो हात जोडून बोलत होता. त्याची मृणाली नर्स होऊन मस्कतला निघाली होती. मंडणगडच्या डोंगरातल्या या गावातून परदेशी जाणारी पहिलीच मुलगी. विमानाआधी कागदपत्रांसाठी मुंबईत तीन रात्री काढायच्या होत्या. परळला गावाची खोली होती. तिथे बापलेकीला राहू द्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

ती खोली रामजीने अठ्ठावीस वर्षं सांभाळली होती. गोदीतली हमाली करून आला की तो तिथे झाडू मारी, पाणी भरी. आखातात निघालेला गावचा प्रत्येक पोरगा आधी त्या खोलीत उतरे. मेडिकल, व्हिसा, तिकीट होईपर्यंत मुक्काम, मग विमानतळ. पोरांना पंख्याखाली जागा मिळावी म्हणून रामजी स्वतः गॅलरीत झोपे. बाबल्याचा व्हिसा अडकला तेव्हा तो एकोणीस दिवस रामजीच्याच वळकटीवर लोळला होता. आता तो बहारीनहून परतून गावकीचा अध्यक्ष झाला होता. आणि खोलीत सध्या दोन म्हातारे राहत होते, बाकी नुसत्या ट्रंका.

बाबल्याने घसा खाकरला. "रामजीदादा, तुमचे उपकार गाव इसरनार नाय. पन खोली बापयांची, बायांना तितं जागा नाय. आज तुमची पोर, उद्या कुनी सून घेऊन येल."

"मी संगती हाय की तिच्या," रामजी म्हणाला.

"जनीवैनीच्या संगती पन तिचा नवरा व्हता. तवा ह्योच नेम तुमी सांगितलात."

रामजी खाली बसला. बैठकीत आखात करून आलेले अकरा जण होते. अकराही जणांना एकदमच देवळाच्या छपरात काहीतरी बघायचं होतं.

चौदा वर्षांपूर्वी जनी आजारी नवऱ्याला घेऊन खोलीवर आली होती. हॉस्पिटलात खाट मिळत नव्हती. रामजीने नवऱ्याला आत घेतलं आणि जनीला दारातूनच परत फिरवलं. पुढे त्याला खाट मिळाली, पण ती पंधरा दिवस हॉस्पिटलच्या भिंतीलगत फुटपाथवर राहिली आणि शेवटी नवऱ्याचं प्रेत घेऊन गावी आली. आपण नियम कसा कडक पाळला, हे रामजीने त्या वर्षी शिमग्याला गावात छाती फुगवून सांगितलं होतं.

बैठक मोडली. जनी पायऱ्यांपाशी उभी होती. बायकांना बैठकीत बसायला नव्हतं, पण आतलं सगळं तिने ऐकलं होतं.

"भावजी, पोरीला हास्पिटलाच्या भितीकडनं झोपवा," ती म्हणाली. "कोपऱ्यावर पत्रा हाय, तितं पानी पडत नाय. सकाळी लवकर गेलात तर आतल्या मोरीवर जाऊ देतत. वाचमनानं इचारलान, तर पेशंट हाय म्हनायचा."

रामजीने तिच्या आवाजात टोमणा शोधला. तो असता तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. पाय धरून माफी मागावी असं मनात आलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "पत्रा आजून आसल ना?"

"बगा जाऊन," जनी म्हणाली.

मुंबईतले नातेवाईक एकेका खोलीत सातसात जण राहत होते आणि नोकरी लावून देणाऱ्या एजंटाने लॉजपुरतेही पैसे शिल्लक ठेवले नव्हते. सोमवारी संध्याकाळी बापलेक भिंतीशी पोचले. पत्रा होता. गावाची खोली तिथून चालत दहा मिनिटांवर होती. मृणालीने इस्त्रीचा ड्रेस घातला होता आणि कागदांची फाइल छातीशी धरली होती. शेजारच्या बाईने विचारलं, पेशंट कोण?

"कोणी नाही," मृणाली म्हणाली. "गुरुवारी माझं विमान आहे."

बाईला ती थट्टा वाटली. तरी तिने आपलं गाठोडं सरकवून जागा करून दिली.

मृणालीला भिंतीकडे बसवून रामजी रस्त्याच्या बाजूला बसला. गाड्या हातभर अंतरावरून जात होत्या. जनी इथे पंधरा दिवस होती. तेव्हा तिच्या रस्त्याच्या बाजूला कोण बसलं होतं, हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं.