आई किंवा वडील

माझ्या टेबलासमोरची खुर्ची सात वर्षं रिकामी आहे. सरकारी छापखान्यात कायद्याचं मुद्रित दोघांनी तपासायचं असतं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, अगदी स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्याने छापलेल्या ओळीवर बोट ठेवून 'हं' म्हणायचं. माझा 'हं' म्हणणारा निवृत्त झाला आणि ती जागा कोणी भरलीच नाही. भिंतीला वाचून दाखवायचा कंटाळा आला तेव्हा मी आईला फोन लावायला लागले. मंजूर झालेल्या कायद्यात गुपित काय उरतं?

आई दुसऱ्या प्रांतात, गाडीने चौदा तास लांब. घरात एकटी, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. फोन कानाला लावून 'हं, हं' करायची आणि मध्येच म्हणायची, "अगं, केवढं लांबलचक वाक्य! माणसाने श्वास कुठे घ्यायचा?"

मग तो कायदा आला. केंद्र सरकारच्या नोकराची आई किंवा वडील आजारी असतील, तर त्यांच्या प्रांतात बदली मिळण्याचा हक्क. चार वर्षं मी त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. आई रोज संध्याकाळी विचारायची, "आज कुठवर पोचला गं?" जसा काही पाहुणाच गाडीत बसलाय. मी सांगायची, खालच्या सभागृहात मंजूर झाला. आता वरच्या, प्रांतांच्या प्रतिनिधींच्या सभागृहात गेलाय. त्यांनी दुरुस्ती घातली, पुन्हा खाली आला. राष्ट्रप्रमुखांची सही झाली. त्या दिवशी आईने माझी खोली झाडून घेतली.

शेवटी तो माझ्याच टेबलावर आला. मी कलम तीन वाचलं, "आई आणि वडील, स्वल्पविराम, किंवा सासू आणि सासरे, स्वल्पविराम, आजारी असल्यास..."

पलीकडून 'हं' आलं नाही.

"आणि?" आई म्हणाली. "बये, तुझ्या वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली. त्यांना आता आजारी कसं पाडायचं?"

मी हसले, आणि लगेच आधीचा मसुदा काढून ताडून पाहिला. वरच्या सभागृहाने सासू-सासरे घातले, ते वाक्य नव्याने टाइप झालं, त्या घाईत 'किंवा'चं 'आणि' झालं. खालच्यांनी न वाचता हात वर केले. शेकडो शहाणी माणसं, आणि एकाचीही नजर अडखळू नये!

"खोड की मग," आई म्हणाली. "लाल पेन आहे ना हातात?"

होतं. खोटं कशाला बोलू, टोक कागदाला टेकलंही होतं. "आई, तो शब्द माझा नाही."

"मग कोणाचा?"

"सभागृहांचा. त्यांनी मंजूर केलेलं त्यांनीच बदलायचं. आज मी चांगल्यासाठी बदलेन, उद्या या खुर्चीतला दुसरा कोणी वाईटासाठी बदलेल."

आई म्हणाली, "मीच शिकवलंय हे. आता भोगते." मी समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि 'मुळाप्रमाणे' असा शिक्का मारून कागद पुढे पाठवला. प्रश्नचिन्हाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

माझा बदलीचा अर्ज परत आला. 'वडिलांच्या आजाराचा दाखला जोडावा.' मी कारकुनाला विचारलं, "स्मशानातून आणू का?" तो म्हणाला, "बाई, कायद्यात 'आणि' आहे." मग मी उंबरे झिजवले. विधी खातं म्हणालं, आम्ही फक्त मसुदा करतो, बदल सभागृहं करतात. सभागृहाचं सचिवालय म्हणालं, विधेयक मंत्र्यांनी आणायला हवं. वकील म्हणाला, न्यायालय अर्थ लावेल, पण तारखांवर तारखा पडतील. आईच्या प्रांताचं सरकार म्हणालं, तुम्ही केंद्राच्या नोकर, आमचा काय संबंध? आपापल्या जागी सगळे बरोबर होते. याचाच तर संताप यायचा. बोटं मोडायची तरी कोणाच्या नावाने?

अखेर एका ओळीचं दुरुस्ती विधेयक खालच्या सभागृहात मांडलं गेलं. आईने पुन्हा खोली झाडून घेतली. पंधरा दिवसांत सरकारने विश्वास गमावला, सभागृह विसर्जित झालं, आणि तिथे पडून असलेल्या सगळ्या विधेयकांबरोबर आमची ओळही गेली. निवडणूक, नवं सरकार, पुन्हा पहिल्यापासून.

"राहू दे गं," आई म्हणाली. "तू आपली वाच. काहीही वाच. तुझा आवाज येतो, तेवढं पुरे."

मी तिला वजनमापांचा कायदा वाचून दाखवला, जलमार्गांचा वाचला. तिचं 'हं' दिवसेंदिवस बारीक होत गेलं.

आज ती ओळ छापायला आली आहे. आईला जाऊन अकरा आठवडे झाले. तिच्याजवळ राहायला मला कधी बदली मिळाली नाही. तिला पोचवायला मात्र चार दिवसांची रजा मिळाली, तीही एका तासात, एकही दाखला न मागता.

मी रिकाम्या खुर्चीसमोर बसून मोठ्याने वाचलं, "कलम तीनमध्ये, स्वल्पविराम, 'आई' व 'वडील' तसेच 'सासू' व 'सासरे' या शब्दांमधील 'आणि' या शब्दाऐवजी 'किंवा' हा शब्द दाखल करण्यात येईल, पूर्णविराम." आणि सवयीने थांबले. फोन टेबलावरच होता. इतकं एकटं मला अंत्यविधीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मग 'हं' मीच म्हटलं. चूक एकही नव्हती. 'मुळाप्रमाणे' असा शिक्का मारला आणि कागद पुढे पाठवला.