तत्त्वज्ञान विभागाच्या दारावर

मी कुलूप बोलतोय. साधंसुधं नव्हे, फोडलेलं कुलूप. सध्या मुक्काम पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या कपाटात, गळ्यात सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. ज्यांनी मला त्या दाराला लावलं, त्यांचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून मी तुळशीकाठ विद्यापीठात आलो. पहिली नेमणूक प्रश्नपत्रिकांच्या खोलीवर. काय तो मान! परीक्षेच्या दिवसांत माझ्यावर लाखेचं सील बसायचं. पोरांच्या वर्षभराच्या कष्टांची आपण राखण करतोय, या विचारानं मी ताठ लटकायचो. पुढं प्रश्नपत्रिका संगणकावरून यायला लागल्या आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. तिथंच गंजलो असतो तर बरं झालं असतं.

एके दिवशी कुलसचिव उदयसिंहांनी मला बाहेर काढलं आणि पहारेकरी आण्णाच्या हातात दिलं. दोघं थेट तत्त्वज्ञान विभागाच्या दाराशी आले. दारात विभागप्रमुख भैरवी मॅडम उभ्या होत्या. मागं त्यांचे विद्यार्थी.

"मॅडम, विभाग बंद झाला. हितं आता स्टुडिओ हुणार," उदयसिंह म्हणाले.

"सर, हा विषय विद्या परिषदेपुढं आलाच नाही. तिचं मत घेतल्याशिवाय विभाग बंद करता येत नाही."

"व्यवस्थापन परिषदेनं ऐनवेळच्या विषयांत मंजूर केलंय. संपलं की."

"एकानंही विरोध केला नाही?"

"जेवणाची वेळ झालती. कोण विरोध करतंय?" ते हसले. "आणि तुमचं तत्त्वज्ञान शिकून कुणाचं पोट भरलंय, सांगा की."

मॅडम बोलायच्या आत मोना पुढं आली. ही कबनूरची. वडलांचे चार यंत्रमाग. घराण्यात एम.ए.पर्यंत पोचलेली ही पहिलीच.

"पोटाचं आम्ही बघतो, सर," ती म्हणाली. "आमच्याकडं आजवर समद्यांनी मला नुसतं सांगितलंच. असं बस, तसं बोल, गप ऱ्हा. 'तुला काय वाटतं?' असं पहिल्यांदा कुणी इचारलं, ते ह्या खोलीत. हे दुसरीकडं कुठं मिळतंय, तेवढं सांगा आणि मग लावा कुलूप."

उदयसिंहांनी घड्याळ बघितलं. "आण्णा, लाव."

खट्.

त्या आवाजाची मला अजून लाज वाटते. मी चांगल्या पोलादाचा. एकदा लागलो की मनात असूनही सुटत नाही.

आत विभागाची पुस्तकं होती, मुलांच्या प्रबंधांचे कच्चे मसुदे होते, त्यावर मॅडमनी हातानं केलेल्या दुरुस्त्या होत्या. प्रबंध देण्याची मुदत जवळ आलेली. मॅडमनी सामान काढायला दार उघडून मागितलं, तर उत्तर आलं, समिती नेमली आहे. समिती कधी आलीच नाही. मॅडमनी कुलगुरूंची भेट मागितली, ते दौऱ्यावर. परत आले, मग बैठकीत. शेवटी मॅडम व्हरांड्यातच शिकवू लागल्या. तर नेमकं तासाच्या वेळी फरशी धुण्याचं काम निघायचं. पोरं वह्या वर धरून तिथंच बसून ऐकायची.

अशाच एका तासाला मोनाचे वडील बाळासो आले. ओल्या फरशीवर बसलेली लेक बघून त्यांचं डोकं फिरलं.

"हे बघायला पाठवलं व्हय तुला? वरीस वाया जाणारच असंल तर चल घरला. स्थळ आलंय, लगीन उरकून टाकतो."

"प्रबंध दिल्याबिगर मी येत न्हाय, बाबा."

"प्रबंध कुठं हाय तुझा?"

मोनानं माझ्याकडं बोट दाखवलं. बाळासो मॅडमकडं वळले, "मॅडम, तुमच्या भरवशावर पाठवलती की वो पोरगी." बाळासो आठवड्याची मुदत देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी भैरवी मॅडम पिशवीतून हातोडा घेऊन आल्या. भर दुपारी, सगळ्यांसमोर. आयुष्यात खिळा न ठोकलेली बाई. पहिला घाव भिंतीवर बसला, दुसरा त्यांच्याच अंगठ्यावर.

"मॅडम, आणा हिकडं," मोना म्हणाली.

"लांब राहा! एकाही मुलावर गुन्हा नको. हे माझं काम आहे."

रक्ताळलेल्या अंगठ्यानं त्या घाव घालत राहिल्या. मी फुटलो. दुखलं, पण इतकं बरं मला सील लागताना कधी वाटलं नव्हतं. मुलांनी मसुदे उचलले. मॅडमनी मला टेबलावर ठेवलं आणि पोलीस येईपर्यंत शांतपणे तास घेतला.

सगळ्यांचे प्रबंध मुदतीत गेले. मोना एम.ए. झाली. आलेलं स्थळ तिनं स्वतः नाकारलं आणि आता जयसिंगपूरला शिकवते. पण ती शेवटचीच तुकडी. मॅडम निलंबित झाल्या. खोलीत स्टुडिओ झाला, तिथं विद्यापीठाच्या जाहिराती तयार होतात. त्यात उदयसिंह हसत हसत सांगतात, आमच्याकडं विद्यार्थी हाच केंद्रबिंदू. माणसं इतकं खोटं न अडखळता कसं बोलतात, हे मला कळत नाही. मी तर नुसती किल्ली चुकली तरी अडायचो.

मागच्या महिन्यात मला न्यायालयात नेलं. उदयसिंहांनी साक्ष दिली, हेच ते कुलूप. मग न्यायाधीशांनी मॅडमना त्यांचं म्हणणं विचारलं.

"कुलूप मीच फोडलं," मॅडम म्हणाल्या. "आत माझा वर्ग होता."

निकाल अजून लागायचा आहे. त्यानंतर मला भंगारात टाकतील. टाकू देत. पण कुणी मला दुरुस्त केलंच, तर एवढं करा. शिकायच्या खोलीला मला पुन्हा लावू नका. व्यवस्थापन परिषद आत बसलेली असेल, तेव्हा तिच्या दाराला मला बाहेरून लावा. आणि किल्ली मुलांच्या हातात द्या.