पडद्यामागची जोडी

रविवारी दंतवैद्याचा दवाखाना बंद असे आणि पेशंटच्या बाकांवर मंडळ भरे. मंडळ म्हणजे चार टाळकी: स्वतः दंतवैद्य, एक चष्मेवाला, एक बसड्रायव्हर आणि धाकटा. चौघांनाही स्पीकरचं वेड, आणि वेडही असं की घरच्यांनी केव्हाच हात टेकले होते. खोलीत एक पातळ काळा कपडा टांगायचा, त्यामागे स्पीकरच्या दोन जोड्या ठेवायच्या आणि कोणती वाजतेय ते न सांगता एकच गाणं दोन्हींवर आलटूनपालटून ऐकवायचं. डोळ्यांना दिसत असलं की कान लाच खातात, असं दंतवैद्य म्हणे. आधी मीटर धरून दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणायचा, कारण जे जरा मोठं वाजतं तेच माणसाला सरस वाटतं. एवढा न्याय कोर्टातही मिळत नसेल.

धाकट्याला धाकटा म्हणत, कारण त्याचा थोरला भाऊही याच वेडाचा. साठी आली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. थोरला, म्हणजे दादा, मंडळात कधी आला नाही. घरच्या मागच्या खोलीत तो स्वतः स्पीकर बनवायचा. बनवायचा म्हणजे काय, एकच जोडी जन्मभर उघडायचा आणि पुन्हा जुळवायचा. गेल्या वर्षी तो बसल्या जागी गेला. जोडी मागे राहिली.

वहिनी आता लेकीकडे राहायला जाणार होती. जोडी कुणाला तरी देऊन टाकू म्हणाली, तेव्हा धाकटा उसळलाच. ‘‘वहिनी, देऊन टाकायची भाषा नको. एकदा मंडळात चला. दुकानातली भारी जोडी मागवतो, तिच्यासमोर दादाची लावू. तुमच्याच कानांनी ऐका त्याने काय करून ठेवलंय ते.’’

वहिनीने संसारभर लाकडाचा भुसा झाडला होता. आपल्या माणसाने खरंच काही घडवलं, की नुसता फळ्या कुरतडत बसला, हे तिला कुणी तरी सांगायला हवं होतं. धाकट्याला ते सांगायचं होतं. दादासाठी आता करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

ठरल्या रविवारी वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली. दंतवैद्य जोडी बदलायचं बटण घेऊन पडद्यामागे गेला. एका बाईचं संथ गाणं लागलं, साथीला नुसता पियानो. ‘‘पहिली,’’ तो आतून म्हणायचा, मग ‘‘दुसरी,’’ मग पुन्हा पहिली. धाकटा डोळे मिटून, हनुवटी वर करून ऐकत होता.

मंडळाचा एक रिवाज होता. ज्याचा जीव जोडीत गुंतलाय, त्याने सगळ्यांच्या आधी बोलायचं. नाही तर बाकीचे काय म्हणतात ते बघून तो आपलं मत फिरवतो.

‘‘दुसरी!’’ धाकटा मांडीवर थाप मारत म्हणाला. ‘‘विचारायचं काम नाही. बाई समोर येऊन बसली राव! हा दादाचा हात. आणि ती पहिली? बाईला पेटीत कोंबून वर कुणी बसलंय का रे? खालचे सूर नुसते घुमतायत, शब्द गुदमरतायत. लोक एवढा पैसा ओतून असली खोकी घरात आणतात!’’

ड्रायव्हर खो खो हसला. वहिनीही हसली, खूप दिवसांनी. ते बघून धाकट्याला चेव आला आणि त्याने पहिल्या जोडीची आणखी सालटी काढली. चष्मेवाल्याने आणि ड्रायव्हरनेही दुसरीच सरस ठरवली.

एरवी दंतवैद्य लगेच पडदा ओढायचा. आज तो आतूनच म्हणाला, ‘‘आधी चहा घेऊ या का?’’

‘‘चहा काय पळून जातोय?’’ म्हणत धाकट्याने उठून स्वतःच पडदा सारला.

दुसरी जोडी दुकानातली होती.

‘‘तारा उलट्या लागल्यात,’’ तो म्हणाला. त्याने खाली बसून एकेक तार हाताने चाचपत शेवटपर्यंत नेली. तारा जिथल्या तिथे होत्या. दादाने हाताने घासून गोल केलेले ते कोपरे त्याच्या नाकासमोर होते, आणि वर मान करायची त्याला लाज वाटत होती.

मित्र चहाच्या निमित्ताने आत सटकले.

‘‘वहिनी, आज माझे कान ठिकाणावर नाहीत,’’ धाकटा म्हणाला. ‘‘खोलीही वेगळी पडते. तुम्ही मनावर घेऊ नका.’’

‘‘भावजी, पेटीत कोंबल्यासारखा आवाज म्हणालात ना? नेमकं काय चुकलंय हो त्यात?’’

त्याला टाळता आलं नाही. ‘‘बाजूची फळी थरथरतेय. तिचाच आवाज गाण्यात मिसळतो.’’

‘‘नीट होतं ते?’’

‘‘होतं की. आतून एक आडवी पट्टी मारायची, थोडा कापूस भरायचा. एका दुपारचं काम.’’

वहिनीने पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

‘‘ते विचारायचे तुम्हाला. खरं सांग म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, दादा, तोड नाही. तुम्ही गेलात की ते पुन्हा स्क्रू काढायला बसायचे. मला म्हणायचे, कुठे तरी बिघडलंय गं, मला ते सापडत नाही, आणि धाकट्याला माझं सगळंच गोड लागतं. त्याने एकदा नाव ठेवलं की मग नेईन मंडळात.’’

एका दुपारच्या कामासाठी दादा जन्मभर अडून बसला होता, आणि त्याची नड ज्याला कळायला हवी तो शेजारी बसून वाहवा करत होता.

‘‘एवढंसंच होतं,’’ वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर त्याला ते सोसवेना. ‘‘मग तेव्हा का नाही सांगितलंत, भावजी?’’

आपण कधी खोटं बोललो नाही, हे त्याला शपथेवर सांगायचं होतं. ते खरंही होतं. पण आता त्याला रडू आवरेना.

‘‘मला तेव्हा ऐकूच आलं नाही, वहिनी,’’ तो म्हणाला. ‘‘दादा समोर बसलेला असायचा.’’